आईचा अबोला कुठून येतो?

सासू-सुनेच्या अबोल्यावर आपण पुष्कळ बोलतो, नवरा-बायकोच्याही बोलतो. पण तेरा-चौदा वर्षांच्या लेकराशी आई दोन-दोन दिवस बोलत नाही, ताट पुढे सरकवते आणि मान फिरवते, त्याला आपल्याकडे कुणी अबोला म्हणत नाही. "वळण लावतेय" म्हणतात.

या अबोल्याची भावंडंही आपल्या ओळखीची आहेत. "तुझ्यापायी मी काय काय सोसलं." "तुझ्यामुळंच माझं बीपी वाढलं." "जा मग, माझं मेलेलं तोंड बघ." "मावशीची पोर बघ कशी राहते." यात हात उगारलेला नसतो, शिवीही नसते, त्यामुळे शेजारच्या घरालाही ते खटकत नाही. पण लेकराला एक गोष्ट नेमकी कळते: माझ्या मनात आईपेक्षा वेगळं काही आलं, की आईची माया बंद होते.

अमेरिकेतले मानसशास्त्रज्ञ ब्रायन बार्बर यांनी १९९६ साली यावर एक निबंध लिहिला. त्यात त्यांनी दोन गोष्टी वेगळ्या केल्या. पहिली म्हणजे वागण्यावरचा लगाम: दिवेलागणीच्या आत घरी ये, कुठं चाललीस ते सांगून जा, अभ्यास झाल्यावरच मोबाइल. हा लगाम वयात येणाऱ्या लेकराला लागतोच. दुसरा मनावरचा लगाम: तुला असं वाटलंच कसं, आणि वाटलं तर तू माझी कुणी नाहीस. या दुसऱ्या लगामाचा संबंध मुलांच्या उदासीशी, धास्तीशी आणि स्वतःला कमी लेखण्याशी दिसून येतो. म्हणजे प्रश्न आई कडक आहे की मऊ, हा नाहीच. कडक आई मनाला हात न लावता कडक राहू शकते, आणि अगदी गोड बोलणारी आईसुद्धा लेकराला आतून बांधून टाकू शकते.

मग आई याच वयात असं का करू लागते? आठ-नऊ वर्षांपर्यंत लेकरू शाळेतून आलं की सगळं सांगतं. मग पाळी येते, आवाज फुटतो, आणि बोलणं आटतं. आपल्याकडे पुष्कळ घरांत लेकराला वेगळी खोली नाही, लावून घ्यायला दार नाही. मग भिंतीकडे तोंड करून झोपणं हेच त्याचं दार. वाढीची ही नेहमीची खूण आहे, पण आईला वाटतं, पोर हातची गेली. बेल्जियममधले बार्ट सोनेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांना असं आढळलं, की लेकरू दूर जाईल या धास्तीत असणारे आणि स्वतःची चूक स्वतःला सहन न होणारे आईबाप मनावरचा लगाम जास्त वापरतात. नवरा ट्रकवर किंवा परगावी कामाला, सासरी मन मोकळं करायला कुणी नाही, अशा बाईला थोरली लेक हीच मैत्रीण असते. ती पाठ फिरवते तेव्हा आईचा एकुलता आधार जातो.

पण मला यापेक्षा मोठं कारण वेगळं वाटतं. पोरगी कुणाशी बोलताना दिसली, तर गाव काय विचारतं? "आईचं लक्ष कुठं होतं?" बापाला कुणी विचारत नाही. सासू बोलते ती सुनेला, नवरा रागावतो तो बायकोवर. पण पोरीला शिकवायचं की नाही, कुठल्या शाळेत घालायचं, लग्न कधी करायचं, हे ठरतं बैठकीत, आणि आई तेव्हा आत चहा करत असते. जबाबदारी सगळी तिची आणि अधिकार कसलाच नाही. ज्याच्या हातात अधिकार असतो तो सरळ हुकूम देतो. ज्याच्या हातात काहीच नसतं, त्याच्याकडे रडणं, रुसणं आणि शपथ घालणं एवढंच उरतं. आई सासरी हेच शिकलेली असते, कारण तिथं तिचं तेवढंच चालत आलंय.

यात आपल्या जिल्ह्याची एक गोष्ट मिसळते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात जालना जिल्ह्यातल्या वीस ते चोवीस वयाच्या दर तीन बायांपैकी साधारण एकीचं लग्न अठराच्या आत झालेलं निघालं. राज्यात हे प्रमाण शंभरात बावीसच्या आसपास होतं. आजच्या आईचा काळ तर त्याच्याही आधीचा. पंधराव्या-सोळाव्या वर्षी ती सासरी भाकऱ्या थापत होती. सोळा वर्षांची पोर माहेरातच असते, आरशात बघते, चिडते, मैत्रिणीच्या घरी जायचं म्हणते, "मला नाही पटत" म्हणते, हे तिनं स्वतः कधी जगलेलंच नाही. मग लेकीचं साधं उलट उत्तरही तिला बिघडल्याची खूण वाटते. आणि कधीकधी पोटात कुठंतरी सलतं, की मला नव्हतं हे, हिला का? ही गोष्ट बायका मोठ्यानं बोलत नाहीत, पण ती असते.

अंबड, घनसावंगी, मंठा भागातून दिवाळीच्या सुमाराला उसतोडीला जाणाऱ्या आया तर आणखी अडकतात. पोर आजीजवळ ठेवलेली, आई फडात. फोन उचलला नाही की जीव उडतो, आणि उचलला की तोंडातून निघतं, "तुला आमची काळजीच नाही." याच धास्तीतून पुढं "उजवून टाकू एकदाची" हा विचारही निघतो.

पोरांच्या बाबतीत शब्द बदलतात, गाठ तीच राहते. लातूरला नीटच्या शिकवणीला पाठवलेल्या मुलाला प्रत्येक फोनवर मोसंबीच्या बागेवर काढलेलं कर्ज ऐकवलं जातं. कर्ज खरं असतं. पण चाचणीत मार्क कमी पडले, की तो मुलगा ते सांगेल कसं?

इथं स्वीडनमधला एक अभ्यास सांगते. हाकन स्टॅटिन आणि मार्गारेट केर यांनी चौदा वर्षांची मुलं आणि त्यांचे आईबाप यांच्याकडून माहिती घेतली आणि २००० साली ती छापली. आईबापांना लेकराबद्दल जे ठाऊक असतं, ते मुख्यतः कशातून कळतं? पाळतीतून कमी, आणि लेकरू आपणहून सांगतं त्यातून जास्त. आता आपला अबोला यापुढं ठेवून बघा. एसटीत रोज कुणीतरी मागं उभं राहतं, हे पोरीला आईला सांगायचंय. पण तिला माहीत आहे, की आई आधी रडेल, मग "मी मेले असते तर बरं" म्हणेल, आणि दुसऱ्या दिवसापासून शाळा बंद. ती सांगत नाही. आईला वाटतं, लेक शहाणी झाली, आता उलटून बोलत नाही.

आई लगेच बदलेल असं मी म्हणत नाही. पण भीती आहे तर ती भीती म्हणूनच सांगता येते. "तुला उशीर झाला की मला भीती वाटते, म्हणून सहाच्या आत ये" यात नियमही आहे आणि आईचं मनही. "तू मला मारूनच राहशील" यात नियम कुठला तेच कळत नाही. राग आला तर "आत्ता मला राग आलाय, रात्री जेवताना बोलू" एवढं म्हणावं, आणि रात्री खरंच बोलावं. आणि नवऱ्याला सांगावं, की पोरीची वेळ ठरवताना तुम्हीही समोर बसा. नंतर मला एकटीला विचारू नका. हे शेवटचं सगळ्यात अवघड आहे, ठाऊक आहे मला. बचत गटातल्या दोघीतिघींनी आपापल्या घरी एकाच आठवड्यात हा विषय काढला तर थोडं सोपं जातं.

लेकरू जेवत नसेल, झोपत नसेल, जगण्यात अर्थ नाही असं बोलत असेल, तर ते नाटक समजू नका. १४४१६ हा टेली-मानसचा नंबर आहे. ऑक्टोबर २०२२ पासून सुरू आहे, पैसे लागत नाहीत, रात्रीही लागतो आणि मराठीत बोलता येतं. मुलांवर संकट असेल, किंवा कोवळ्या वयात लग्न ठरत असेल, तर १०९८. आणि रात्री लेकरं झोपल्यावर तुमचाच जीव घाबरा होत असेल, तर १४४१६ वर तुम्हीही बोलू शकता.