‘बाई, फिल्ममध्ये ट्रक का नाहीत?’

शनिवारची सकाळ. तुम्ही अलिबागला निघालाय, नाहीतर थेट गोव्याला. गाडीत गाणी, मागच्या सीटवर झोपलेला ग्रुप. पनवेल सोडून दहा-बारा किलोमीटर झाले की झाडी एकदम दाट होते आणि डोंगरावर अंगठा दाखवल्यासारखा सुळका दिसतो. कुणीतरी म्हणतं, ‘अरे, कर्नाळा आलं!’ तोवर कर्नाळा गेलेलं असतं.

मीही अशीच कैक वेळा गेलेय. गेल्या पावसाळ्यात मात्र उतरले. पनवेल परिसरातल्या एका शाळेचा आठवीचा वर्ग तिथे आला होता. पिकनिकला नव्हे हं, पोरं एक फिल्म ‘तपासायला’ आली होती! विज्ञानाच्या बाईंनी मला बोलावलं एकाच अटीवर, त्यांचं आणि शाळेचं नाव छापायचं नाही. ‘उद्या साहेब विचारतील, वर्गात मोबाइल कसा काय?’

फिल्म पाच मिनिटांची होती. हीरो तिबोटी खंड्या. चिमणीएवढा जीव, पण रंग असे की डिझायनरने हात टेकावेत. पिवळं पोट, केशरी चोच, वर जांभळी झाक. पावसाच्या तोंडावर तो इथे येतो, ओढ्याकाठच्या मातीत बीळ खणून पिल्लं वाढवतो. बाईंनी वर्गाच्या भिंतीला पांढरी चादर लावून फिल्म तीनदा दाखवली होती. पहिल्यांदा आवाज बंद ठेवून, ‘काय दिसतंय ते तुम्ही सांगा’ म्हणत. दुसऱ्यांदा आवाजासकट. तिसऱ्यांदा दर वीस सेकंदांनी थांबवत. ‘रिमोटवरचं सगळ्यात कामाचं बटण पॉजचं,’ हा त्यांचा फंडा.

मोरटाका निसर्गवाटेवर आम्ही चालत होतो. ओल्या पानांचा वास, पायाखाली चिखल, आणि मागून सतत... पॉं पॉं. गोवा हायवे अभयारण्यातूनच जातो. एवढ्यात एक मुलगा थांबला. ‘बाई, फिल्ममध्ये ट्रक का नाहीत?’

फिल्ममध्ये बासरी होती, झुळझुळ पाणी होतं, गंभीर आवाजात निवेदन होतं. हॉर्न एकही नव्हता. बाई दोन मिनिटं गप्पच. मग म्हणाल्या, ‘हे मला सुचायला हवं होतं रे.’

थोडा फ्लॅशबॅक

वर्गात फिल्म दाखवून विज्ञान शिकवायचं ही काही यूट्यूबच्या जमान्यातली आयडिया नाही. १ ऑगस्ट १९७५ ला ‘साइट’ हा प्रयोग सुरू झाला. अमेरिकेचा एटीएस-६ उपग्रह, सहा राज्यांतली सुमारे २,४०० गावं, आणि वर्षभर थेट अंतराळातून येणारे शेतीचे, आरोग्याचे, शाळेचे कार्यक्रम. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता, पण प्रयोगाचे कार्यक्रम व्यवस्थापक मराठी होते, एकनाथ चिटणीस. पुढे १५ ऑगस्ट १९८४ ला विद्यापीठ अनुदान आयोगाचा ‘कंट्रीवाइड क्लासरूम’ दूरदर्शनवर आला. त्यासाठी फिल्म बनवणाऱ्या केंद्रांपैकी एक पुणे विद्यापीठात होतं.

आणि त्याच १९८४ मध्ये पुण्यात आपली बालचित्रवाणी! माझ्या आठवणीत ती म्हणजे ताप आल्याचं निमित्त करून शाळा बुडवलेली सकाळ. सह्याद्री वाहिनी, मऊ भात आणि टीव्हीवर कुणीतरी काचेच्या नळीत काहीतरी ओतताना. ते सुरुवातीचं गाणं तर तुमच्याही डोक्यात आत्ता वाजायला लागलं असेल. सॉरी!

त्या कार्यक्रमांवर आपण हसायचो. सेट पुठ्ठ्याचे, काका-काकू जरा जास्तच उत्साही. पण एक गोष्ट तेव्हा लक्षात आली नाही. ती माणसं मराठीत विचार करून, मराठी मुलांसाठी, इथल्या उदाहरणांनी फिल्म बनवत होती. नंतर निधी आटला, पगार थकले आणि २०१७ मध्ये बालचित्रवाणी बंद झाली. तीनच वर्षांत कोविडने शाळांना कुलूप लावलं, आणि सगळ्यांना आठवलं की घरात टीव्ही आहे! जुलै २०२० मध्ये एमकेसीएल नॉलेज फाउंडेशनने ‘टिलीमिली’ सह्याद्रीवर आणली, पहिली ते आठवीसाठी. चांगलं काम झालं, यात वादच नाही. पण मनात आलंच, या कामासाठी उभारलेली संस्था आपण नुकतीच मोडली होती.

आज पाठ्यपुस्तकातल्या क्यूआर कोडवर फोन धरला की व्हिडिओ हजर. पुण्याच्या आयुकातल्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेतून अरविंद गुप्तांनी टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांच्या छोट्या छोट्या फिल्म जगभर फुकट पोचवल्या. त्यांना २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली. स्ट्रॉ कापून पिपाणी वाजवणं पडद्यावर बघायला दोन मिनिटं लागतात आणि पोरं लगेच स्ट्रॉ शोधायला पळतात. फिल्म अशीच हवी, बघणाऱ्याला खुर्चीतून उठवणारी.

मग अडलंय कुठे? पक्ष्यांवर फिल्म आहेत. पूल कसा बांधतात, यावरही आहेत. पण पक्षी आणि पूल एकाच फ्रेममध्ये? तिथे शोधाशोध करावी लागते. असा मोठा प्रयत्न म्हणजे १९८९ ची ‘भारत की छाप’. दिग्दर्शन चंदिता मुखर्जी, १३ भाग, दूरदर्शनवर. त्यात विज्ञान म्हणजे नुसती थोर शास्त्रज्ञांची फोटो-गॅलरी नव्हती. कारागिराच्या आणि शेतकऱ्याच्या हातातलं ज्ञानही तिथे विज्ञान म्हणून आलं. हिंदीत आहे, जुनी आहे, मधेमधे रेंगाळते. तरी एखादा रविवार द्याच.

सुळका आणि चौपदरी प्रश्न

कर्नाळ्याची फिल्म कुणी मनापासून बनवली तर काय काय येईल त्यात! जेमतेम १२ चौरस किलोमीटरचं जंगल, दोनशेहून जास्त जातींचे पक्षी. लाव्हाच्या बेसाल्टचा सुळका, त्याला लटकलेली मधमाश्यांची पोळी. पायथ्याजवळ शिरढोण, जिथे १८४५ मध्ये वासुदेव बळवंत फडके जन्मले. आणि मधोमध हायवे. आधी राष्ट्रीय महामार्ग १७, आता ६६. पनवेल-इंदापूर रुंदीकरण २०११ मध्ये सुरू झालं, आणि पुढची कित्येक वर्षं गणपतीला गावी जाणाऱ्या प्रत्येकाने काय भोगलं ते मी सांगायला नको. अभयारण्यातला पट्टा म्हटल्यावर वन्यजीव परवानग्या आल्याच. पलीकडे उलव्याची टेकडी सपाट करून, नदी वळवून नवी मुंबईचा विमानतळ उभा राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये त्याचं उद्‌घाटन झालं. भूगोल, जीवशास्त्र, नागरिकशास्त्र, सगळं एका खिडकीतून दिसतं. आपण त्या खिडकीच्या काचा वर करून एसी लावतो.

बाईंनी मात्र तिथल्या तिथे वर्गाचे दोन गट केले. एक गट गेटजवळ, दुसरा आत. दहा मिनिटं फोनवर आवाज रेकॉर्ड करायचा, हॉर्न आणि पक्षी वेगवेगळे मोजायचे. गेटवाल्यांनी हॉर्न मोजणं चौथ्याच मिनिटाला सोडून दिलं. आतल्यांना पक्षी ऐकू आले, पण हॉर्न पूर्ण गेले नाहीत ते नाहीतच. खंड्या दिसला का? नाही! एका मुलीला बारीक शिटी ऐकू आली. ती खंड्याचीच होती यावर ती ठाम आहे.

मग पोरांनी ठरवलं, आपली फिल्म आपणच करू. आणि भांडण तिथेच सुरू झालं.

एक म्हणाला, रस्ता जंगलाबाहेरून न्यायला पाहिजे. दुसरा उसळला, ‘म्हणजे लांबून? माझे पप्पा ट्रक चालवतात. खड्ड्यांमुळे आधीच दोन-दोन दिवस घरी येत नाहीत.’ मागे उभी असलेली एक मुलगी हळूच बोलली. तिची आई पावसाळ्यात हायवेच्या कडेला टाकळा, भारंगी, करटुली विकायला बसते. ‘रस्ता रुंद झाला की गाड्या थांबत नाहीत, बाई. भुर्रकन जातात.’

मी वहीत लिहायचं थांबले. त्या भुर्रकन जाणाऱ्या गाड्यांत मी होते. कदाचित तुम्हीही.

बाईंनी निकाल दिला नाही. ‘तिघांचंही म्हणणं फिल्ममध्ये घ्या,’ एवढंच म्हणाल्या. पुढचे तीन शनिवार शूटिंग चाललं. ट्रकवाल्या पप्पांची मुलाखत गाडीच्या केबिनमध्ये झाली. आवाज फाटलाय, पण माणूस भन्नाट बोललाय. भाजीवाल्या आईने कॅमेऱ्यासमोर बोलायला नकार दिला, फक्त हात दाखवू दिले, जुडी बांधताना. माझ्या मते अख्ख्या फिल्ममधला तोच सगळ्यात सॉलिड शॉट आहे. बासरी अर्थातच नाही.

चार मिनिटं तयार आहेत. शेवटावर मात्र वर्ग अडलाय. अर्ध्यांना पावसातला सुळका हवा, अर्ध्यांना रस्त्याकडेची टोपली. त्यात बाईंच्या फोनची मेमरी फुल झालीय, आणि भाचीच्या लग्नाचे फोटो डिलीट करायला त्यांनी साफ नकार दिलाय.