काडतुसाचं तोंड: घडी की मुरड?

शॉटगनच्या वापरलेल्या पुंगळ्या घरी पुन्हा भरणं हा अमेरिकेतल्या ट्रॅप आणि स्कीट, म्हणजे उडत्या मातीच्या तबकड्यांवर नेम धरणाऱ्या, नेमबाजांचा जुना उद्योग आहे. दारू पेटवणारा नवा प्रायमर, मोजलेली दारू, दारू आणि छर्ऱ्यांमधली वॅड, छर्रे आणि शेवटी पुंगळीचं तोंड बंद करणं, म्हणजे क्रिम्प. या शेवटच्या पायरीकडे पुष्कळ जण करंजीच्या कडेसारखं पाहतात: आतलं सारण सांडलं नाही म्हणजे झालं. माझ्या मते क्रिम्प हा दारू आणि छर्ऱ्यांइतकाच बाराचा घटक आहे. धूरविरहित दारूला नीट जळायला दाब लागतो आणि तो किती लवकर चढेल, हे तोंड किती नेटाने अडवून धरतं यावरही ठरतं. क्रिम्प सैल असला की बार फुसका निघतो, नळीत न जळलेले दाणे उरतात, कधी वॅडच अडकते. ती न काढता पुढचा बार उडवला तर नळी फुटू शकते. उलट, क्रिम्प फार खोल दाबला तर दाब वाढतो. 12 बोअरच्या 70 मिमी काडतुसाला अमेरिकेतल्या ‘सामी’ संस्थेने 11,500 पीएसआयची कमाल मर्यादा घातली आहे. ती पाळायची तर तोंडाचं काम अंदाजाने करून भागत नाही.

जुन्या कागदी पुंगळ्यांत छर्ऱ्यांवर पुठ्ठ्याची चकती ठेवून कड आत वळवत. ही मुरड, म्हणजे रोल क्रिम्प. सुटलेली चकती छर्ऱ्यांच्या वाटेत येऊन त्यांचा फैलाव विस्कटते, अशी तक्रार कायम होती. दुसऱ्या महायुद्धाच्या आगेमागे ताऱ्यासारख्या घड्यांचा क्रिम्प रूढ झाला आणि चकतीची गरजच संपली. घरी भरणाऱ्यांत घडी जिंकली ती मात्र पुनर्वापरामुळे. आताच्या प्लास्टिकच्या पुंगळीला आपल्या घड्या लक्षात राहतात. भरण्याच्या यंत्राचं हँडल ओढलं की तोंड जुन्याच रेषांवर मिटतं. मुरडीसाठी फिरतं हत्यार लागतं, घर्षणाच्या उष्णतेने कड मऊ करावी लागते, आणि एकदा घड्या पडलेल्या तोंडावर ती क्वचितच नीट बसते.

मुरडीचे चाहते म्हणतात की तिला पुंगळीची जेमतेम पाव इंच लांबी लागते, घडीला जवळजवळ अर्धा इंच. म्हणजे आत जागा जास्त मिळते. हे खरं आहे, आणि स्लगसाठी, म्हणजे छर्ऱ्यांऐवजी भरलेल्या एकाच जड गोळीसाठी, मुरडच सोयीची. आता छर्रे वॅडच्या प्लास्टिकच्या पेल्यातून जातात, म्हणून चकतीची भीती जुनी झाली, हाही मुद्दा बऱ्याच अंशी मान्य. पण म्हणून एकाच बाराला हवा तो क्रिम्प द्यावा, असं ठरत नाही. मुरड सहसा लवकर उघडते आणि दाब कमी येतो, म्हणून घडीसाठी तपासलेलं प्रमाण मुरडीला लागू पडत नाही. घडीचाही एक धोका आहे. मिटलेलं काडतूस आखूड दिसतं, त्यामुळे 70 मिमीची पुंगळी 65 मिमी चेंबरच्या जुन्या इंग्लिश बंदुकीत सहज बसते. बार उडताना उघडलेलं तोंड पुढच्या निमुळत्या भागात शिरतं आणि दाब धोकादायक होतो.

सहा घड्या की आठ, यावर मात्र गरजेपेक्षा जास्त वाद होतो. बारीक छर्ऱ्यांच्या टार्गेट काडतुसांना बहुधा आठ घड्या असतात, शिकारीच्या पुष्कळ काडतुसांना सहा. विंचेस्टर एए ही नावाजलेली पुंगळी आठ घड्यांची. आठ घड्यांच्या पुंगळीवर सहाचा साचा लावला की तोंड वेडंवाकडं मिटतं आणि मधल्या भोकातून छर्रे गळतात. म्हणून आवड बाजूला ठेवून मूळ घड्या मोजाव्यात. भारतात परवान्याशिवाय काडतुसं बनवायला शस्त्र अधिनियम 1959 मनाई करतो, त्यामुळे आपल्याकडे हा छंद रुजला नाही. जिथे तो कायदेशीर आहे तिथे माझा कौल असा: मातीच्या तबकड्यांसाठी मूळ घड्यांचाच क्रिम्प, स्लगसाठी नव्या पुंगळीवर मुरड, आणि बार भरण्याच्या छापील प्रमाणात जो क्रिम्प सांगितला असेल तो कधीही बदलू नये.