लाव्हाथरांच्या तळाची मोजणी

तुमसर तालुक्यातील सिहोऱ्याच्या रहिवाशाला ज्वालामुखी हा विषय दूरदेशीचा वाटावा हे स्वाभाविक आहे. कारण हा मुलूख सौंसर श्रेणीच्या अतिप्राचीन शिलांचा व मँगनीजच्या खाणींचा असून, ज्या लाव्हारसाने सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्राचा बहुतांश भूभाग झाकला, त्याचे थर नागपूरच्या सीताबर्डी टेकडीवर दिसतात आणि पूर्वेकडे लवकरच संपतात.

त्या थरांखालील भूमीची मोजणी होते ती भूकंपलहरींनी. स्फोटाने उठलेली लहर बेसाल्टमधून सेकंदाला सुमारे ५ किलोमीटर, तर खालच्या ग्रॅनाइटसदृश पाषाणातून सुमारे ६ किलोमीटर वेगाने धावते. सबब दूरच्या यंत्रांवर ती केव्हा उमटली, एवढ्या नोंदीवरून थराची जाडी काढता येते. जागृत ज्वालामुखीखाली (आपल्या देशात असा एकच, अंदमानातील बॅरन बेटाचा) प्राथमिक लहर वितळलेल्या खडकात मंदावते. दुय्यम लहर तर द्रवातून जाऊच शकत नाही, आणि तिची ही गैरहजेरीच भरवशाचा पुरावा ठरते.

११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपानंतर हैदराबादच्या राष्ट्रीय भूभौतिकी संशोधन संस्थेने तेथे सुरुंगांच्या स्फोटांनी असा तपास केला. प्रत्यक्ष वेधन बरेच पुढे झाले: कोयना परिसरातील रासाटीस बेसाल्ट सुमारे ९३३ मीटर भरला, गोठण्यास १२४७, आणि त्याच्या तळाशी, अनेकांना अपेक्षित असलेल्या गाळाच्या खडकांऐवजी, थेट ग्रॅनाइटसदृश पाषाण लागला.