कुकी पुसायची कशासाठी?

2025 सालापासून महाराष्ट्रात अकरावीचा प्रवेश अर्ज राज्यभर ऑनलाइन भरला जातो. ज्यांच्या घरी संगणक नाही, असे सातारा-सांगलीकडचे विद्यार्थी तो शाळेतल्या किंवा नेट कॅफेतल्या संगणकावर भरतात. समजा, अर्ज भरून तुम्ही खाते तसेच ठेवून उठलात. त्याच खुर्चीवर दुसरा कोणी बसला आणि त्याच्यासमोर तुमचेच खाते उघडले, तर? तुमचा महाविद्यालयांचा पसंतीक्रमही तो बदलू शकेल! असे का घडते, ते पाहू.

संकेतस्थळ ज्या दूरच्या संगणकावर असते, त्याला सर्व्हर म्हणतात. आपला ब्राउझर त्याच्याकडे एकेक पान मागतो. एचटीटीपी नावाच्या नियमांनुसार यातील प्रत्येक मागणी स्वतंत्र असते. मघाशी पान मागणारा आणि आता मागणारा एकच आहे, हे सर्व्हरला आपोआप कळत नाही. 1994 साली नेटस्केप कंपनीतील लू मोंटुली यांनी यावर उपाय काढला. सर्व्हर पानाबरोबर एक छोटी मजकुराची चिठ्ठी पाठवतो. ब्राउझर ती जपून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक मागणीबरोबर दाखवतो. हीच कुकी. तिच्यात साधारण 4 किलोबाइटपर्यंत मजकूर मावतो.

गर्दीच्या देवळाबाहेर चपला ठेवल्यावर आपल्याला क्रमांकाचा बिल्ला मिळतो. चपला सांभाळणारा चेहरा लक्षात ठेवत नाही. बिल्ला पाहून चपला देतो. तो दुसऱ्याच्या हाती पडला, तर चपला त्याला मिळतील. कुकीचेही तसेच आहे. काही कुकी ब्राउझर बंद करताच नाहीशा होतात. काहींची मुदत मात्र कित्येक महिन्यांची असते.

काही कुकी जाहिरातदारांच्याही असतात. कासच्या फुलांची माहिती वाचावी आणि मग भलत्याच संकेतस्थळावर महाबळेश्वरच्या हॉटेलची जाहिरात दिसावी, यामागे पुष्कळदा त्यांचाच हात असतो.

कुकी पुसणे सोपे आहे. क्रोम, फायरफॉक्स किंवा एज ब्राउझरमध्ये कंट्रोल, शिफ्ट आणि डिलीट या कळा एकदम दाबा. उघडलेल्या चौकटीत कुकीचा पर्याय व संपूर्ण कालावधी निवडा आणि पुसून टाका.

पण एक गोष्ट ध्यानात ठेवा. बिल्ला फेकून दिला म्हणून चपला नाहीशा होत नाहीत! कुकी पुसल्याने सर्व्हरवरील तुमची माहिती पुसली जात नाही. ब्राउझरमध्ये साठवलेला पासवर्डही वेगळा असतो. तो निराळा पुसावा लागतो. म्हणून आधी ‘लॉग आउट’ करावे. त्यामुळे सर्व्हरला आपला बिल्ला रद्द करण्याची सूचना मिळते. कुकी त्यानंतर पुसावी.

शिक्षकांना हा प्रयोग वर्गात सहज दाखवता येईल. एखाद्या खात्यात प्रवेश करा, कुकी पुसा आणि पान पुन्हा मागवा. सर्व्हर पुन्हा ओळख विचारेल. पाठवलेली पत्रे मात्र खात्यात जशीच्या तशी असतील. असे का, हे विद्यार्थ्यांनाच विचारा.