जुना कॉम्प्युटर स्लो झालाय? ‘फॉरमॅट मारा’ म्हणण्याआधी एवढं करून बघा!



आपली सगळी कामं आता मोबाईलवर होतात. पण बऱ्याच घरांत अजूनही एका टेबलावर, अंगावर कापड टाकलेला, जुना विंडोज कॉम्प्युटर किंवा लॅपटॉप असतोच. बाबांचे हिशोब, आईच्या शाळेच्या प्रश्नपत्रिका, ताईच्या लग्नाचे फोटो, आजोबांनी टाईप केलेली कागदपत्रं, सगळं त्यात असतं. एक दिवस काहीतरी प्रिंट काढायचं असतं, म्हणून तो चालू केला जातो आणि डेस्कटॉप यायलाच दहा मिनिटं लागतात. मग घरातले म्हणतात, “तुला मोबाईलमधलं सगळं कळतं ना, हे पण बघ की!”

दुकानात नेला तर बहुतेक वेळा एकच उत्तर मिळतं: “फॉरमॅट मारावा लागेल.” फॉरमॅट हा काही चुकीचा उपाय नाही, पण तो शेवटचा उपाय आहे. शिवाय आधी काळजी घेतली नाही तर त्यात वर्षानुवर्षांचा डेटा जातो. म्हणून आज आपण पाहू की जुन्या कॉम्प्युटरला नेमकं काय झालंय ते कसं ओळखायचं आणि घरच्या घरी काय करता येतं.

१. सगळ्यात आधी डेटा वाचवा

दुरुस्तीला हात लावण्याआधी बॅकअप घ्यायचा, हा पहिला नियम. मोबाईलचे फोटो आपोआप गुगल फोटोजवर जातात, त्यामुळे आपल्याला ही सवयच राहिलेली नाही. जुन्या कॉम्प्युटरमधला डेटा मात्र सहसा फक्त त्या एकाच डिस्कवर असतो.

विंडोज सी ड्राइव्हवर असतं आणि फॉरमॅट करताना तोच पुसला जातो. अनेकांना वाटतं की आपल्या फाइल्स डी ड्राइव्हवर आहेत, म्हणजे सुरक्षित आहेत. पण डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स आणि पिक्चर्स हे फोल्डर मुळात सी ड्राइव्हवरच असतात. त्यामुळे हे चारही फोल्डर पेनड्राइव्ह किंवा एक्स्टर्नल हार्ड डिस्कवर कॉपी करा. टॅली वापरत असाल तर त्याचा डेटा कुठल्या फोल्डरमध्ये जातो ते टॅलीमध्येच बघून तोही घ्या.

आता एक गोष्ट जी मराठी घरांत हमखास विसरली जाते: फॉन्ट! युनिकोड रुळण्याआधी मराठी टायपिंग श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये व्हायचं. त्या फाइलमध्ये खरं तर इंग्रजी अक्षरांचे कोड साठवलेले असतात, फॉन्ट त्यांना मराठी रूप देतो. फॉरमॅटनंतर तो फॉन्ट गेला की तीच फाइल उघडल्यावर इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा गिचमिड काला दिसतो. फाइल खराब झालेली नसते, फक्त फॉन्ट नसतो. म्हणून सी ड्राइव्ह, त्यात विंडोज, त्यात फॉन्ट्स या फोल्डरमधले मराठी फॉन्टही कॉपी करून ठेवा.

कॉपी झालं की पेनड्राइव्ह दुसऱ्या कॉम्प्युटरला लावून दोन-चार फाइल्स उघडून बघा. उघडल्या, तरच बॅकअप झाला असं समजा.

महत्त्वाचं: हार्ड डिस्कमधून टिक-टिक किंवा खरखर असा आवाज येत असेल तर बाकी काहीही करू नका. सगळ्यात गरजेच्या फाइल्स आधी कॉपी करा आणि कॉम्प्युटर बंद करा. अशा डिस्कवर स्कॅन, क्लीनअप वगैरे चालवणं म्हणजे आजारी माणसाला पळायला लावणं.

२. शट डाउन नाही, रीस्टार्ट करा

विंडोज ८ पासून पुढे फास्ट स्टार्टअप नावाची सोय आली. त्यात शट डाउन केलं तरी विंडोजचा मुख्य भाग पूर्ण बंद होत नाही, त्याची स्थिती डिस्कवर साठवून ठेवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर चालू व्हावं. पण त्यामुळे अडकलेली गोष्ट तशीच अडकून राहू शकते. रीस्टार्ट केल्यावर मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. म्हणून “मी तर रोज बंद करतो” हे पुरेसं नाही. एकदा रीस्टार्ट करा आणि दहा मिनिटं त्याला शांत बसू द्या.

३. दोष कोणाचा? टास्क मॅनेजरला विचारा

कीबोर्डवर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. विंडोज १० मध्ये छोटीच खिडकी दिसली तर खाली ‘मोअर डिटेल्स’ वर क्लिक करा. आता सीपीयू, मेमरी आणि डिस्क हे तीन आकडे बघा.

• डिस्क बराच वेळ १०० टक्के: जुन्या कॉम्प्युटरचा हा सगळ्यात कॉमन आजार. जुन्या हार्ड डिस्कमध्ये फिरणारी तबकडी असते आणि एक छोटा हात तिच्यावर फिरून डेटा वाचतो. एकाच वेळी दहा प्रोग्रॅमनी मागणी केली की तो हात इकडून तिकडे धावतच राहतो.

• मेमरी ८५-९० टक्क्यांच्या वर: रॅम कमी पडतेय. रॅम भरली की विंडोज जास्तीचा माल डिस्कवर ठेवतं आणि डिस्क रॅमपेक्षा खूपच हळू असते. म्हणजे दोष रॅमचा, पण धापा टाकते डिस्क.

• सीपीयू सतत वर: कुठला प्रोग्रॅम सगळ्यात वर आहे ते बघा. अनोळखी नाव असेल तर विंडोज डिफेंडरने फुल स्कॅन करा.

तिन्ही आकडे कमी आणि पंखा जोरात ओरडतोय? मग धूळ. गरम झालेला प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करतो. पंख्याची जाळी साफ करून घ्या आणि लॅपटॉप गादीवर ठेवून वापरू नका.

४. पैसे न घालवता करायचे उपाय

स्टार्टअप कमी करा. टास्क मॅनेजरमध्येच ‘स्टार्टअप’ टॅब असतो. कॉम्प्युटर चालू होताच स्वतःहून उघडणारे प्रोग्रॅम तिथे दिसतात. जे लगेच लागत नाहीत त्यांच्यावर राइट क्लिक करून ‘डिसेबल’ करा. प्रोग्रॅम डिलीट होत नाही, फक्त आपोआप उघडत नाही. अँटीव्हायरस आणि टचपॅड, साउंडच्या ड्रायव्हरला हात लावू नका.

जागा मोकळी करा. सी ड्राइव्ह काठोकाठ भरला की विंडोजला श्वास घ्यायला जागा राहत नाही. स्टार्टमध्ये ‘डिस्क क्लीनअप’ शोधा आणि टेम्पररी फाइल्स, रिसायकल बिन साफ करा. यादीत ‘डाउनलोड्स’ दिसलं तर त्याची टिक काढा, नाहीतर कामाच्या फाइल्सही जातील.

एकच अँटीव्हायरस ठेवा. दोन अँटीव्हायरस म्हणजे दुप्पट सुरक्षा नाही. दोघंही प्रत्येक फाइल तपासत बसतात आणि कॉम्प्युटर रांगायला लागतो.

दिखावा कमी करा. ‘धिस पीसी’ वर राइट क्लिक, ‘प्रॉपर्टीज’, मग ‘अॅडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ आणि ‘परफॉर्मन्स’ खालचं ‘सेटिंग्ज’ बटण. तिथे ‘अॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स’ निवडा, पण ‘स्मूथ एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स’ ची टिक परत चालू करा. नाहीतर अक्षरं खडबडीत दिसतील, आणि आपल्या जोडाक्षरांना त्याचा जास्त त्रास होतो.

५. नेट आहे, पण वेबसाइट उघडत नाही?

कोपऱ्यातली तारीख बघा. ती काही वर्षं मागची दिसतेय का? मग दोष नेटचा नाही. मदरबोर्डवर सीआर २०३२ नावाचा गोल, नाण्यासारखा सेल असतो. कॉम्प्युटर बंद असताना घड्याळ त्याच्यावर चालतं. सेल संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटच्या प्रमाणपत्रावर मुदत लिहिलेली असते, त्यामुळे तारीख चुकली की ब्राउझरला ते प्रमाणपत्र अवैध वाटतं आणि तो साइट उघडत नाही. सेल बदला, तारीख लावा, काम झालं. यासाठी फॉरमॅटची गरज अजिबात नाही!

६. खर्च करायचाच तर कुठे?

डिस्क १०० टक्के दाखवत असेल तर एसएसडी टाका. त्यात फिरणारा भागच नसतो. साधी हार्ड डिस्क सेकंदाला साधारण १०० एमबी वाचते, साटा एसएसडी ५०० एमबीच्या आसपास. बहुतेक जुन्या लॅपटॉपमध्ये अडीच इंची साटा डिस्क असते आणि त्याच जागी तेवढीच एसएसडी बसते. मेमरी भरत असेल तर रॅम वाढवा, पण डीडीआर ३ च्या जागी डीडीआर ४ बसत नाही, हे लक्षात ठेवा. आणि ‘सिस्टिम टाइप’ मध्ये ३२ बिट दिसत असेल तर ४ जीबीच्या वर रॅम टाकून उपयोग नाही, आधी ६४ बिट विंडोज लागेल.

७. विंडोज जुनं झालंय का?

विंडोज ७ चे सुरक्षा अपडेट १४ जानेवारी २०२० ला बंद झाले, विंडोज ८.१ चे १० जानेवारी २०२३ ला आणि विंडोज १० चा नेहमीचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज १० साठी घरगुती ग्राहकांना नोंदणी करून १३ ऑक्टोबर २०२६ पर्यंत जादा सुरक्षा अपडेट घेण्याची सोय मायक्रोसॉफ्टने दिली. विंडोज ७ वर तर क्रोमही १०९ या आवृत्तीवरच थांबलं आहे. अशा कॉम्प्युटरवर टायपिंग करा, जुने फोटो बघा, पण बँकेचं काम करू नका.

विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप आणि इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर लागतो. तो नसेल तर लिनक्स मिंट हा चांगला आणि फुकट पर्याय आहे. पेनड्राइव्हवरून चालवून बघता येतो, इन्स्टॉल न करता.

आणि शेवटी फॉरमॅट करावाच लागला, तर दुकानदाराला विचारा, “विंडोज ओरिजिनल टाकणार ना?” विंडोज १० आधीपासून ओरिजिनल असेल तर त्याच मशीनवर ते पुन्हा टाकल्यावर इंटरनेट जोडताच सहसा आपोआप अॅक्टिव्हेट होतं. क्रॅक वापरायची गरजच नसते, आणि क्रॅकसोबत व्हायरस येण्याचा धोका असतो तो वेगळाच.

जाता जाता एक मस्त सेटिंग

विंडोज १० मध्ये मे २०१९ च्या अपडेटपासून मराठी फोनेटिक कीबोर्ड मिळतो. ‘सेटिंग्ज’, ‘टाइम अँड लँग्वेज’, ‘लँग्वेज’ मध्ये मराठी जोडा आणि तिच्या ऑप्शन्समध्ये जाऊन फोनेटिक कीबोर्ड निवडा. मग विंडोज बटण आणि स्पेस दाबून भाषा बदला. मोबाईलवर जसं इंग्रजी अक्षरांत लिहून मराठी उमटवता, तसंच इथेही. आणि हे टायपिंग युनिकोडमध्ये असल्यामुळे उद्या कुठल्याही मशीनवर उघडेल, फॉन्ट शोधत बसावं लागणार नाही.

तर मित्रांनो, या रविवारी ते कापड बाजूला करा. कॉम्प्युटर सुधारला तर उत्तमच. नाही सुधारला, तरी त्यातले फोटो आणि कागदपत्रं पेनड्राइव्हवर आलेली असतील. कॉम्प्युटर दुसरा घेता येतो, आजोबांनी टाईप केलेलं परत मिळत नाही.

लेख उपयोगी वाटला तर ज्यांच्या घरी असा कॉम्प्युटर आहे त्यांना नक्की पाठवा. काही अडलं तर कमेंटमध्ये विचारा, फक्त टास्क मॅनेजरमधले ते तीन आकडे सोबत लिहा!