घरच्या पावाचे विज्ञान : निफाडचा गहू, निफाडची थंडी

साध्या पावाला चारच जिन्नस लागतात: पीठ, पाणी, यीस्ट आणि मीठ. यीस्ट वायू तयार करते आणि पिठातले ग्लुटेन तो अडवून धरते. यातली एक बाजू जरी कमी पडली, तरी पाव दडस होतो. ग्लुटेन ठरते गव्हावरून आणि यीस्टचा वेग ठरतो हवेवरून. ओझर आणि आसपासच्या निफाड तालुक्यात या दोन्हींचा विचार आधी करावा लागतो.

गव्हात ग्लुटेनिन आणि ग्लायडिन ही दोन प्रथिने असतात. पिठात पाणी पडले की ती एकमेकांत गुंततात आणि ग्लुटेनची जाळी तयार होते. ग्लुटेनिनमुळे तिला बळकटी येते, तर ग्लायडिनमुळे ती ताणली जाते. निफाडजवळ कुंदेवाडी येथे महात्मा फुले कृषी विद्यापीठाचे गहू संशोधन केंद्र आहे. तिथल्या वाणांपैकी 'त्र्यंबक' आणि 'तपोवन' सरबती आहेत, तर 'पंचवटी' आणि 'गोदावरी' बन्सी. बन्सीचे ग्लुटेन कमी ताणले जाते, म्हणून तो शेवया आणि पास्त्याला चांगला. पावासाठी सरबतीच घ्यावा.

चक्कीवरच्या कणकेत कोंडा असतो. कोंड्याचे कण ग्लुटेनच्या जाळीत अडथळा आणतात आणि पाणीही जास्त शोषतात. त्यामुळे नवख्याने अर्धी कणीक आणि अर्धा मैदा घेणे सोयीचे. १२५ ग्रॅम कणीक, १२५ ग्रॅम मैदा, एक लहान चमचा कोरडे यीस्ट, ५ ग्रॅम मीठ, एक मोठा चमचा तेल आणि सुमारे १७० मिलिलिटर कोमट पाणी एवढे पुरते. पीठ पोळीच्या कणकेपेक्षा सैल असावे. हाताला चिकटते म्हणून वरून कोरडे पीठ घालत राहिले, तर पाव घट्ट होतो. दहा मिनिटे मळल्यावर लहान गोळा बोटांनी हळूहळू ताणून पाहावा. उजेड दिसेल इतका पातळ पडदा न फाटता झाला, म्हणजे जाळी तयार झाली.

पिठातले विकर स्टार्चची साखर करतात. यीस्ट ती साखर खाऊन कार्बन डायऑक्साइड आणि थोडे अल्कोहोल तयार करते. २५ ते २८ अंश सेल्सिअसला पीठ साधारण तासाभरात दुप्पट होते. निफाड परिसरात हिवाळ्यात किमान तापमान अनेकदा १० अंशांच्या खाली उतरते. अशा दिवसांत यीस्ट मंदावते आणि पीठ फुगायला कितीतरी जास्त वेळ लागतो. तेव्हा बंद ओव्हनमध्ये गरम पाण्याची वाटी ठेवून तिच्या शेजारी पीठ झाकून ठेवावे. यीस्ट वाढवण्याची गरज नसते, ऊब पुरेशी होते. एप्रिल-मेमध्ये मात्र पीठ झपाट्याने फुगते. जास्त फुगले तर जाळी सैल होऊन पाव बसतो.

पीठ दुप्पट झाले की हवा काढून त्याला आकार द्यावा, तेल लावलेल्या डब्यात ठेवावे आणि पुन्हा फुगू द्यावे. बोटाने हलके दाबल्यावर खळगा सावकाश भरून आला, तर पीठ भाजायला तयार आहे. खळगा लगेच भरला, तर आणखी थांबावे. मुळीच भरला नाही, तर वेळ उलटून गेली आहे.

ओव्हन आधीच २०० अंशांवर तापलेला हवा. उष्णता लागताच वायू प्रसरण पावतो आणि पाव आणखी वर चढतो. आतील तापमान ६० अंशांच्या आसपास गेले की यीस्ट मरते, त्यानंतर स्टार्च पाणी शोषून फुगतो आणि ग्लुटेन घट्ट होऊन आकार धरते. आत ओलावा असल्याने पावाचा गर १०० अंशांपलीकडे जात नाही. कवच मात्र कोरडे पडून १४० अंशांच्या वर तापते. तिथे प्रथिने आणि साखर यांच्यातील अभिक्रियेने तांबूस रंग आणि खमंग वास येतो. ३० ते ३५ मिनिटांनी पाव बाहेर काढून खालून टिचकी मारावी. पोकळ आवाज आला, तर भाजणी पुरी झाली.

गरम पाव लगेच कापू नये. स्टार्च अजून स्थिरावत असतो, त्यामुळे गर चिकट लागतो. तासभर जाळीवर निवू द्यावा. तो फ्रिजमध्येही ठेवू नये, कारण तिथल्या तापमानात स्टार्चचे रेणू लवकर पुन्हा एकत्र जुळतात आणि पाव वातड होतो. दोन दिवसांचा पाव घट्ट झाकणाच्या डब्यात बाहेरच ठेवावा आणि उरलेल्याचे काप करून फ्रीझरमध्ये टाकावेत.