आगगाडी लहान करताना

मुंबई ते पुणे हे लोहमार्गाचं अंतर १९२ किलोमीटर. ते सत्त्याऐंशी पटींनी लहान केलं तरी सव्वादोन किलोमीटरच्या आसपास उरतं. रेल्वेच्या प्रतिकृती करणाऱ्या हौशी मंडळींत जगभर सर्वाधिक चालणारं प्रमाण हेच, १:८७. त्याला एचओ म्हणतात. या मापात चोवीस डब्यांची एक्स्प्रेस सहा मीटरांहून लांब होते आणि घरातल्या बहुतेक खोल्यांत ती सरळ उभीही राहू शकत नाही. या छंदातलं खरं कौशल्य इथे सुरू होतं. काय ठेवायचं, काय गाळायचं आणि जे लहान व्हायला तयारच नसतं त्याचं काय करायचं, हे ज्याचं त्याला ठरवावं लागतं.

१८९१ साली जर्मनीतल्या मेर्क्लिन कंपनीने लाइपझिगच्या जत्रेत चावीची आगगाडी मांडली. सोबत रुळांच्या रुंदीची ठरावीक मापंही दिली. त्यामुळे आज घेतलेल्या गाडीला पुढच्या वर्षी आणखी रूळ जोडता येऊ लागले आणि खेळणं वाढत जाणारं झालं. माझ्या मते या छंदाचा जन्म त्या मापांतून झाला. चावीची भूमिका दुय्यम होती.

सगळ्यांत हट्टी गोष्ट म्हणजे वजन. लांबी, रुंदी आणि उंची या तिन्ही दिशांनी वस्तू ८७ पट घटली की तिचं वजन साडेसहा लाखांहून अधिक पटींनी घटतं. आपल्याकडचं डब्ल्यूडीएम-२ हे डिझेल इंजिन सुमारे ११३ टनांचं. हिशेबाने त्याची प्रतिकृती जेमतेम १७० ग्रॅमची व्हायला हवी. पण एवढ्या हलक्या इंजिनाची चाकं रुळावर नुसती गरगरतात आणि चढावर गाडी जागची हलत नाही. म्हणून इंजिनाच्या पोटात धातूचे तुकडे भरून वजन वाढवतात. खऱ्या गाडीला थांबायला शेकडो मीटर लागतात, तर प्रतिकृती वीज तोडताक्षणी थबकते. यावर जुन्या कारागिरांनी मोटरला छोटं जड चाक जोडलं. पुढे डिजिटल नियंत्रण आलं. त्यात रुळांतून वीज अखंड वाहते, प्रत्येक इंजिनात स्वतःच्या क्रमांकाला ओळखणारी एक चिप असते आणि तीच गाडीला सावकाश वेग घ्यायला, सावकाश थांबायला लावते. जे वस्तुमान लहान होताना हरवलं, ते असं हिशेबाने परत आणलं जातं.

वळणांचंही तसंच. भारतीय ब्रॉडगेजवरच्या अगदी तीव्र वळणाची त्रिज्या १७५ मीटर असते. एचओत ती दोन मीटर होते. घरच्या टेबलावर मात्र बहुधा ४६ सेंटिमीटरच्या आसपासची वळणं मावतात, म्हणजे प्रत्यक्षातली चाळीस मीटर. तेवढ्या वळणावर खरा डबा रुळावर टिकला नसता. म्हणून जाणकार मंडळी वळण डोंगराआड, बोगद्यात किंवा झाडीमागे लपवतात आणि फलाटासमोर सौम्य वळण ठेवतात. कॅलिफोर्नियातल्या जॉन अ‍ॅलन यांनी ही नजरबंदी फार उंचीला नेली. मागच्या वस्तू मुद्दाम लहान करून आणि आरसे लावून त्यांनी मॉन्टेरेच्या घरात मैलोन्‌मैल खोलीचा भास उभा केला. इंजिनांवर गंज आणि काजळी चढवायला त्यांनी अनेकांना शिकवलं. जानेवारी १९७३ मध्ये ते गेले आणि काही दिवसांतच आग लागून त्यांची मांडणी नष्ट झाली. आज तिची ओळख आहे ती त्यांनी काढलेल्या छायाचित्रांतून.

इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयापाशी थोडं थांबायला हवं, कारण तिथे आगगाडीपेक्षा गावाला महत्त्व आहे. रॉय इंग्लंड हा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ साली या देशात आला. व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स या खोऱ्यातली शाकारलेल्या छपरांची घरं त्याला आवडली आणि ती डोळ्यांदेखत बदलताहेत हे त्याला दिसलं. छपरं उतरत होती, नवं सामान चढत होतं, जुन्या भिंती झाकल्या जात होत्या. घरं वाचवणं त्याच्या हाती नव्हतं. मग त्याने ती मोजायला घेतली. भिंतीची लांबी, खिडकीची चौकट, धुराड्याची उंची, परसातल्या वाफ्यांची जागा, सगळं टिपून तो १:७६ या मापात घरं बांधू लागला. कागदी पुठ्ठ्याच्या भिंती, त्यावर जलरंग आणि छपरासाठी नळजोडणीत वापरतात तो ताग. १९५४ मध्ये लाँग विटनम या गावी संग्रहालयाची पायाभरणी झाली. एकेका घराला शेकडो तास लागतात. स्वयंसेवकांच्या पुढच्या पिढ्याही याच पद्धतीने १९३० च्या सुमाराचं ते खोरं उभारत आल्या आहेत. संस्थापकाचं निधन १९९५ साली झालं, पण काम थांबलं नाही. नोंद ठेवण्याची इतकी प्रेमळ आणि इतकी काटेकोर रीत मला दुसरी माहीत नाही. वाड्यांचे चौक, कौलारू घरांच्या ओसऱ्या आपल्याकडेही असंच कोणी मोजून ठेवायला हवं होतं, असं मनापासून वाटतं.

काळ लहान करणं याहून अवघड. खऱ्या वेळापत्रकात दोन स्थानकांत अर्धा तास असतो, टेबलावर गाडी अर्ध्या मिनिटात पोहोचते. म्हणून अनेक मंडळं वेगवान घड्याळ लावतात. त्यावर खऱ्या एका मिनिटात सहा मिनिटं सरली की वेळापत्रक खऱ्यासारखं वाटतं. इंग्लंडमधले पाद्री पीटर डेनी यांची ‘बकिंगहॅम शाखा’ ही रेल्वे प्रतिकृती अशा नियमबद्ध चालवण्यासाठी ख्यातनाम आहे. एका स्थानकावर ते आणि दुसऱ्यावर मुलगा क्रिस्पिन, मध्ये घंटेचे संकेत, अगदी खऱ्या सिग्नलमनसारखे. मुलगा नसेल तेव्हा गाडी अडू नये म्हणून त्यांनी यंत्रच बनवलं. ते मुलाच्या जागी काम करायचं, म्हणून त्याचं नावही ‘ऑटोमॅटिक क्रिस्पिन’ पडलं.

यंत्राला विचार करायला लावण्याची ही ओढ अमेरिकेत आणखी पुढे गेली. एमआयटी या संस्थेतल्या विद्यार्थ्यांचा रेल्वे प्रतिकृतींचा क्लब १९४० च्या दशकात सुरू झाला. त्यांतले काही रूळ आणि गावं रंगवत, तर काही टेबलाखाली शिरून टेलिफोन एक्स्चेंजच्या जुन्या रिले जोडत. सांधे, सिग्नल आणि गाड्या यांचा मेळ घालणारं ते जाळं इतकं गुंतागुंतीचं झालं की संस्थेत संगणक आला तेव्हा त्याकडे सर्वांत आधी धावले ते हेच विद्यार्थी. १९६२ मध्ये ‘स्पेसवॉर’ हा आद्य संगणकीय खेळ घडला, त्याच्या नियंत्रक पेट्या या क्लबच्या सुट्या भागांतून बनल्या. सांधा या बाजूला की त्या बाजूला, रूळ मोकळा की व्यापलेला, हे प्रश्न सोडवता सोडवता ही मुलं प्रोग्रॅमिंगला तयार झाली होती.

हॅम्बुर्गमधलं मिनियेचर वुंडरलँड हे रेल्वे प्रतिकृतींचं प्रदर्शन या छंदातल्या सगळ्यांना ठाऊक असतं. जुळे भाऊ फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन यांनी २००१ मध्ये जुन्या गोदामात ते सुरू केलं. हजाराहून अधिक गाड्या, पंधरा मिनिटांत उलटणारे दिवसरात्र, चुंबकाच्या साहाय्याने रस्त्याखालच्या तारेमागून चालणाऱ्या मोटारी. स्कँडिनेव्हियाच्या भागात खरंखुरं पाणी आहे आणि त्यात जहाजं चालतात. मोठ्या धाडसाचा निर्णय होता तो, कारण पाणीही लहान होत नाही: थेंब तेवढाच राहतो, लाट खोटी दिसते. म्हणूनच घरगुती मांडणीत नदी बहुधा पारदर्शक रेझिनची असते.

पुण्यात कर्वे रस्त्यावर, कोथरूडला, भाऊसाहेब जोशी यांच्या हौसेतून उभं राहिलेलं लघुरेल्वे संग्रहालय १ एप्रिल १९९८ पासून खुलं आहे. सर्कस, रोपवे, सिग्नल यांनी भरलेलं ते एचओ मापातलं गाव पुण्यातल्या कित्येक मुलांनी पाहिलं आहे. पण भारतीय रेल्वे हुबेहूब करू पाहणाऱ्या घरगुती कारागिरांसमोर एक निराळाच पेच असतो. एचओचा रूळ १६.५ मिलिमीटर रुंद, तो परदेशी १४३५ मिलिमीटरच्या गेजसाठी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर. १:८७ मध्ये त्याला सव्वाएकोणीस मिलिमीटर हवेत. बाजारात मिळणाऱ्या रुळावर आपला सव्वातीन मीटर रुंदीचा डबा उभा केला की तो अरुंद पायांवर उभा दिसतो. इंग्रज हौशींनीही हेच भोगलं आहे: त्यांची इंजिनं लहान, जुन्या मोटरी त्यांत मावेनात, म्हणून गाडी ४ मिलिमीटरला एक फूट अशी मोठी केली आणि रूळ तोच ठेवला. नंतर काहींनी हट्टाने १८.८३ मिलिमीटरचा अचूक रूळ हाताने घडवला.

भारतीय हौशींपैकी बहुतेक जण आज तयार रूळच स्वीकारतात आणि मेहनत गाडीवर घेतात. डब्ल्यूडीएम-२ मुळात अमेरिकी अल्को कंपनीच्या घडणीचं, १९६२ पासून भारतात धावलेलं. त्यामुळे अमेरिकी अल्को प्रतिकृतीचा सांगाडा घेऊन त्यावर नवं कवच चढवता येतं, कारण बोगीतल्या तीन आसांची विषम रचनाही जुळते. आयसीएफ या कारखान्याचे डबे कोणी पातळ प्लॅस्टिक कापून, तर कोणी त्रिमितीय छपाईने करतात. खडी चाळून पसरतात आणि पाणी घातलेल्या फेव्हिकॉलचे थेंब, त्यात भांड्यांच्या साबणाचा अंश मिसळून, तिच्यात मुरवतात. साबण नसला तर थेंब खडीच्या वरच गोळा होऊन बसतो. ज्यांना सव्वाएकोणीस मिलिमीटरच हवेत, त्यांनी मात्र प्रत्येक स्लीपर, प्रत्येक सांधा आणि प्रत्येक आस स्वतः करायची तयारी ठेवावी लागते.